दोन बोटांची फट

१

काचा चिकटवायच्या सिलिकॉनची रेघ मारून झाली की ती ओल्या बोटानं पुसायची असते. बोट साबणाच्या पाण्यात बुडवायचं आणि वरपासून खालपर्यंत एका दमात आणायचं. मध्येच थांबलात तर तिथं फुगवटा राहतो, आणि पुढंमागं पाणी झिरपतं ते नेमकं तिथूनच. खोडदच्या समाधानला हे कुणी शिकवावं लागलं नाही. पंधरा वर्षं तो शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरत होता. याची बोटं डोक्यापेक्षा हुशार आहेत, असं त्याची बायको प्रज्ञा म्हणायची, आणि ते चिडवणं असलं तरी खोटं नव्हतं.

दोन हजार सहाचा फेब्रुवारी चालू होता. त्यांची आठ वर्षांची कल्याणी पुण्याला दवाखान्यात पडून नऊ दिवस झाले होते. आधी ताप आला, मग चेहरा सुजला, आणि डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्यांनी काम थांबवलंय. मशीनवर रक्त गाळत राहायचं. दोन-तीन आठवड्यांत किडन्या आपणहून चालू झाल्या तर झाल्या. नाही झाल्या तर काय, हे डॉक्टर बोलले नाहीत आणि समाधानला विचारायचा धीर झाला नाही. वॉर्डात एकच माणूस राहू देत. प्रज्ञा आणे गावच्या शाळेत शिक्षिका होती. रजा टाकून ती पोरीजवळ राहिली. समाधान रविवारी जाऊन यायचा. बाकीचे सहा दिवस घर त्याला खायला उठायचं.

घरात कल्याणीची माशांची टाकी होती. तीन सोनेरी मासे. ती गेली त्या आठवड्यात पाणी गढूळ झालं आणि दोन मेले. उरला तो लाडू, पोटानं वाटोळा आणि तिचा सगळ्यात लाडका. रोज संध्याकाळी फोनवर ती पहिलं तेच विचारायची. "तिघंबी मजेत हायेत," समाधान सांगायचा.

मग एका रविवारी दवाखान्यासमोरच्या माशांच्या दुकानात त्याला इलाज दिसला. मोठ्या टाकीच्या खाली एक दुसरी काचेची टाकी होती. वरचं पाणी नळीनं खाली उतरतं, खालच्या टाकीत आडव्या बसवलेल्या काचांवरून आणि काचांखालून नागमोडी जातं, वाटेत स्पंज आणि खड्यांमधून गाळलं जातं, आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा वर फेकतो. दोन काचांच्या मधोमध दोन बोटांची एक फट सोडायची, पाण्यातले बुडबुडे तिथं मरतात. दुकानदारानं कागदावर चित्र काढून दिलं. समाधाननं तो कागद घडी घालून खिशात ठेवला, आणि एसटीत बसल्यावर तीनदा काढून पाहिला. पोरीचं रक्त गाळणं त्याच्या हातात नव्हतं. माशाचं पाणी गाळणं होतं.

जुन्नरच्या शाहनवाज काचवाल्यानं काचा कापून दिल्या. बुधवारी दुपारी, लाईट नसताना, समाधाननं टाकी जोडायला घेतली. पहिली आडकाच बसवली, दोन्ही अंगांनी पुसली. दुसरी बसवली, ती फक्त बाहेरच्या अंगानं पुसता आली. फटीत हात जात नव्हता. तिथली सिलिकॉन त्यानं तशीच सोडली.

छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्याच्या वडिलांनी, भागुजींनी, देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले होते. तेव्हापासून त्या घरात कुणी नवस बोललं नव्हतं की अंगारा लावला नव्हता. समाधानला त्याचा अभिमान होता. पण ती दुसरी काच धरून, ती जागेवर बसेपर्यंत वाट बघताना, त्याच्या तोंडून निघून गेलं, "पोर घरी येऊ दे. कशी का व्हईना, पन घरी येऊ दे." कुणाला म्हणाला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. समोर फक्त काच होती.

२

सिलिकॉन वाळायला दोन दिवस लागतात. शुक्रवारी सकाळी त्यानं बॅटरी घेऊन एकेक सांधा तपासला. बाहेरचे सगळे सांधे नितळ होते. मग त्यानं वरून फटीत उजेड टाकला.

आतला सांधा पुसलेला होता. वरपासून खालपर्यंत, एका दमात, कुठं फुगवटा नाही. तळाशी, जिथं बोट उचललं जातं, तिथं ठसा राहिला होता.

समाधाननं आपली करंगळी काचेला लावून पाहिली. ठसा करंगळीच्या निम्म्यानं होता. आणि त्याच्या मधून एक तिरकी रेघ गेली होती, मागच्या वर्षी पेन्सिल तासताना ब्लेडनं कापल्यावर कल्याणीच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर राहिली होती तशी.

तो खाटेवर बसला. असेल, सिलिकॉन आपोआप घसरली असेल. ओली असते तेव्हा ती कशीही ओघळते. ज्याच्या डोक्यात जे, त्याला तेच दिसतं. एवढं सगळं त्यानं मनाशी मुद्देसूद मांडलं, आणि तरी शेजारच्या कुशाबाई भाकरी घेऊन आल्या तेव्हा त्यानं विचारलंच.

"चुलते, या दोन दिसांत घरात कुनाचं पोर आलं व्हतं का?"

"कोन येतंय? तू भाईर गेला का कुलूप, अन् घरात असला का ते काचंचं खूळ," कुशाबाई म्हणाल्या. चुलती नात्यानं लांबची, पण त्याला आई गेल्यापासून तीच विचारत होती. "दोन घास खा आधी. तुझ्या उपाशानं पोर बरी व्हनार न्हाई."

तो जेवला. जेवताना त्याची पाठ टाकीकडं होती, आणि मग त्यानं उठून जागा बदलली.

३

शनिवारी पाणी भरलं, पंप सुरू केला. बारीक गुणगुण सुरू झाली. संध्याकाळपर्यंत वरची टाकी इतकी स्वच्छ झाली की लाडूच्या शेपटीतल्या शिरा दिसायला लागल्या. समाधानला रडू आलं, आणि त्यानं ते येऊ दिलं.

फोनवर त्यानं कल्याणीला सगळं समजावून सांगितलं. बाकी दोघांचं मात्र अजून नाही सांगितलं.

"अन् खायला घालताना आधी पंप बंद करायचा बरं का. न्हाईतर दानं पान्यासंगं खाली वाहून जात्यात. लाडू उपाशी ऱ्हाईल."

"आधी पंप बंद, मग दाणे, मग पाच मिनिटं थांबायचं, मग पंप चालू," कल्याणीनं शाळेतल्यासारखं म्हणून दाखवलं. आवाज खोल गेला होता, पण चूक एकही नव्हती.

अशा टाकीला दोन खुणा लागतात. पंप चालू असताना पाणी कुठवर, ती खालची रेघ. लाईट गेली की वरचं थोडं पाणी नळीनं खाली येतं आणि पातळी चढते. ती कुठवर चढते, ती वरची रेघ. समाधाननं पंप दोनदा बंद करून पाहिला आणि दोन्ही रेघा मार्करनं आखल्या.

सोमवारी अकरा वाजता रोजच्यासारखी लाईट गेली. गुणगुण थांबली, पाणी खाली आलं, वरच्या रेघेला टेकलं. आणि थोडं पुढं गेलं. त्यानं पट्टी लावली. जेमतेम अर्धा सेंटीमीटर.

भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीवर खिडकीतलं ऊन आलं होतं. समाधाननं खालच्या टाकीची लांबी-रुंदी गुणली. अर्धा सेंटीमीटर म्हणजे लिटरभर पाणी. वरच्या टाकीत कुणी तांब्याभर पाणी घातलं असेल तर गोष्ट वेगळी. पण घरात तो एकटा होता, आणि पाणी उडून कमी होतं, वाढत नाही.

तीन वाजता लाईट आली. पंप चालू झाला. पाणी उतरलं ते बरोबर खालच्या रेघेवर येऊन थांबलं, केसभर इकडं नाही की तिकडं नाही.

त्याला हे समजायला चहा पिऊन होईपर्यंत वेळ लागला. पाणी जास्त असतं तर आताही जास्तच दिसलं असतं. म्हणजे पाणी तेवढंच होतं. अकरा ते तीन त्या पाण्यात दुसरं काहीतरी होतं, आणि त्यानं लिटरभर जागा घेतली होती.

४

संध्याकाळी प्रज्ञाचा फोन आला. "आज मशीनवर घेतलं. वजन सतरा भरलं, काल अठरा होतं. डॉक्टर म्हणाले, सूज उतरतेय, चांगलं लक्षण आहे."

"एक किलो," समाधान म्हणाला.

"हो. का?"

"काय न्हाई."

त्या आठवड्यात आपल्या मोटार-दुरुस्तीच्या दुकानाचं शटर त्यानं रोज साडेदहाला खाली ओढलं. मोटारी घेऊन आलेले टोमॅटोवाले शेतकरी शिव्या घालत परत गेले. अकराला तो पट्टी घेऊन टाकीसमोर बसायचा, आणि संध्याकाळी प्रज्ञा वजन सांगायची. पोर सोळा किलोवर आली त्या दिवशी पाणी वरच्या रेघेच्या वर जवळजवळ एक सेंटीमीटर होतं. पंधरावर आली, तेव्हा दीड सेंटीमीटर. आता सूज उतरतेय असं डॉक्टर म्हणत नव्हते. शनिवारी ती साडेतेरा भरली. पट्टीवर सव्वादोन सेंटीमीटर होते. समाधाननं पट्टी ठेवली आणि काचेवर आपलं आडवं बोट धरलं. बरोबर एक बोट.

एक बोट म्हणजे साडेचार किलो. माणसाचं एक किलो म्हणजे पाण्याचं जवळजवळ एक लिटर, हे त्याला शाळेपासून माहीत होतं. पोरीच्या अंगातून जे गेलं, ते इथं येत होतं.

योगायोग असेल, असं तो मोठ्यानं म्हणाला. त्यानं बॅटरी घेतली आणि फटीत उजेड टाकायला म्हणून वाकला, आणि मग न टाकताच बॅटरी बंद केली. तेरा किलोचं पोर दोन बोटांच्या फटीत मावत नाही, हे काय कुणी सांगायला हवं होतं? पण वाकून बघायचं धाडस मात्र होईना. सबंध आयुष्यात भुताखेतांना हसलेला माणूस तो, भर दुपारी दोन वाजता स्वतःच्या घरात काचेच्या पेटीला भिऊन खाटेवर पाय वर घेऊन बसला.

५

रविवारी तो कल्याणीच्या खाटेपाशी उभा राहिला. मानेला नळी, हाताला पट्टी, आणि पांघरुणाखाली पोर आहे की नाही कळू नये इतकं कमी अंग. रविवारी खोडदला लोडशेडिंग नसायचं. कदाचित म्हणूनच ती जागी होती.

"रोज अकरा वाजले की झोपते," प्रज्ञा हळू आवाजात म्हणाली. तिचे डोळे आत गेले होते. "झोपते म्हणजे काय, हलवलं तरी उठत नाही. अंग गार पडतं. नर्स दोनदा धावत आली. तीन वाजता आपोआप डोळे उघडते."

प्रज्ञा औषधं आणायला खाली गेली तसं कल्याणीनं त्याचं बोट धरलं.

"पप्पा, दुपारी मी घरी असते."

"सपान पडत आसंल बाळा."

"लय गार असतं. अन् हलता येत नाही, बारीक जागा आहे. वरनं लाडूची टाकी दिसते." ती दम घ्यायला थांबली. "तुमी समोर बसलेले असता. पट्टी लावून काय मोजता ओ? मी काच वाजवली तरी बघत नाही तुमी."

त्याला तिचं बोट सोडवत नव्हतं, आणि धरवतही नव्हतं. त्या बोटावर तिरकी रेघ होती. घरी येऊ दे म्हणालो होतो, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. कशी का होईना, म्हणालो होतो.

६

टाकी फोडायची, हा पहिला विचार. पण फुटल्यावर आतलं जे काही आहे ते फरशीवर सांडणार, आणि लाडू मरणार, आणि मग काय होणार ते त्याला माहीत नव्हतं. ठाऊक होतं ते इतकंच की पंप चालू असेपर्यंत पाणी खालच्या रेघेवर राहतं. पंप थांबता कामा नये. बस.

सोमवारी पहिल्या एसटीनं तो जुन्नरला शाहनवाजच्या दुकानात गेला. दुकान अजून झाडायचं होतं.

"शाहनवाजभाई, तुमचा इन्व्हर्टर पायजे. बॅटरीसकट. आत्ता."

"मछलीसाठी?" शाहनवाज हसला. मग त्यानं समाधानचं तोंड पाहिलं आणि हसायचा थांबला. "पोरगी कशी आहे?"

"तिच्यासाठीच."

शाहनवाजनं झाडू बाजूला ठेवला. जीप काढली, बॅटरी स्वतः उचलून ठेवली. अकराला दहा मिनिटं कमी असताना समाधाननं शेवटची वायर जोडली. अकराला पंखा थांबला, दिवा गेला. पंपाची गुणगुण चालू राहिली.

त्या संध्याकाळी प्रज्ञानं सांगितलं, आज दुपारी ती झोपली नाही. बुधवारी वजन चौदा भरलं. शुक्रवारी प्रज्ञा फोनवर नुसती रडत होती, पण ते रडणं वेगळं होतं. कल्याणीला लघवी झाली होती. किडन्या चालू झाल्या होत्या.

बॅटरीचं पाणी, वायरी, पंपाची जाळी, तो सगळं दिवसातून चारदा बघायचा. लाडूला दाणे घालतानाही पंप बंद करायचा नाही. अर्धे दाणे खाली वाहून जायचे, तर जाऊ देत. बटणावर त्यानं काळी चिकटपट्टी लावली. कुशाबाईंना बजावलं, "चुलते, ह्याला हात लावायचा न्हाई. घराला आग लागली तरी न्हाई."

"डोकं फिरलंय तुझं," कुशाबाई म्हणाल्या, पण पोर सुधारतेय म्हटल्यावर त्यांनीही त्या पंपाकडं जरा आदरानं बघायला सुरुवात केली.

७

मार्चच्या मधल्या आठवड्यात कल्याणी घरी आली. शाहनवाजनंच जीपमधून आणली. दवाखान्यातून निघताना वजन सोळा किलो. गालावर रंग होता, आणि मानेवर नळीच्या जागी छोटीशी पट्टी. दारात कुशाबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि समाधाननं कधी नव्हे ते त्यांना टोकलं नाही.

आत गेल्या गेल्या पोर टाकीला जाऊन चिकटली. "लाडू केवढा झाला! बाकीचे कुठंयत?"

"जेवल्यावर सांगतो," समाधान म्हणाला. बटणाचंही तिला जेवल्यावरच सांगायचं त्यानं ठरवलं होतं. आल्या दिवशी तिला कशाला भ्यायला लावायचं. आणि खरं सांगायचं तर, काय सांगायचं हेच त्याला सुचलेलं नव्हतं.

प्रज्ञा आणि कुशाबाई स्वयंपाकघरात होत्या. शाहनवाज निघाला म्हणून समाधान त्याला सोडायला अंगणात गेला. दोघं जीपपाशी बोलले, दोन मिनिटं, फार तर तीन. शाहनवाज म्हणाला, इन्व्हर्टर राहू दे, घाई नाही. समाधाननं त्याचे दोन्ही हात हातात घेतले. कितीतरी दिवसांनी त्याला अंगाला ऊन लागलेलं कळत होतं. जीप वळली, तिचा आवाज लांब गेला, आणि मग अंगणात काहीच ऐकू येईना.

गुणगुण ऐकू येत नव्हती.

तो धावला. खोलीत कुणी नव्हतं. काळी चिकटपट्टी नीट सोलून टाकीच्या कडेला चिकटवून ठेवली होती. बटण बंद होतं. दाण्यांचा डबा उघडा होता, आणि वर लाडू शांतपणे एकेक दाणा टिपत होता. एकही दाणा वाहून गेला नव्हता. आधी पंप बंद, मग दाणे, मग पाच मिनिटं थांबायचं.

त्यानंच शिकवलं होतं. तसं करू नको, हे सांगायचं राहिलं होतं.

खालच्या टाकीत पाणी अजून चढत होतं. वरच्या रेघेच्या पुढं एक बोट, दोन बोटं. तो गुडघ्यावर बसला. या वेळी त्यानं तोंड फिरवलं नाही. फटीत, काचेच्या आतल्या अंगाला, एक छोटा तळहात टेकलेला होता. दाबामुळं पांढरा पडलेला. पहिल्या बोटावर तिरकी रेघ. ते बोट काचेवर एकदा वाजलं.

समाधाननं बटण चालू केलं. पंप सुरू झाला. पाणी वर चढलं, नळीतून खाली पडलं, गुणगुण नेहमीसारखी लागली. पातळी उतरायला लागली. तो अंगठ्यानं बटण दाबून धरून बसला, जसं काही सोडलं तर ते पुन्हा बंद होईल.

"कल्याणी, ताट वाढलंय गं," आतून प्रज्ञानं हाक मारली. "ये लवकर, निवतंय."

पाणी उतरत उतरत आलं आणि थांबलं. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. मग दुसऱ्या हातानं खालच्या रेघेवर आडवी बोटं धरली, आणि मोजली. पंप चालू होता. पाणी रेघेच्या वर साडेतीन बोटं होतं.

"अहो," प्रज्ञा पदराला हात पुसत दारात येऊन म्हणाली, "कल्याणी तुमच्याबरोबर बाहेर होती ना?"